काजू फेणी घरच्या कॉकटेलमध्ये: कोणती बाटली घ्यावी, किती घालावी आणि कुठे बिघडतं

गोव्यात राहून घरी कॉकटेल बनवायचं असेल तर पहिली बाटली जिनची घ्यावी की फेणीची? आमचं मत फेणीच्या बाजूने आहे. मात्र ती जिनच्या मापाने वापरू नये. ६० मि.ली. जिनच्या जागी ६० मि.ली. काजू फेणी घातली की पेल्यात फेणीशिवाय दुसरं काही उरत नाही आणि पाहुणा म्हणतो, ‘वास फार येतो’. त्यात फेणीचा दोष नाही, माप चुकलेलं असतं. हेच माप ४५ वर आणलं, लिंबू ताजं घेतलं, चार थेंब मीठपाणी टाकलं आणि बर्फ नीट असला, तर तीच फेणी पिकल्या बोंडाचा (काजूच्या फळाचा), हिरव्या सालीचा आणि मागाहून किंचित मिरीचा स्वाद देते. बाहेरून आणलेल्या कुठल्याही पांढऱ्या रमला हे जमत नाही.

इथे तपासलेल्या चार गोष्टी अशा: काजू फेणी, माडाची फेणी, हुर्राक आणि गोव्यात बनणाऱ्या जिन. त्यांच्यासोबत लागणारी अवजारं आणि मिसळायच्या गोष्टी ओघाने येतील. घरी दारू गाळण्याचा इथे संबंध नाही, त्याला परवाना लागतो. हा सगळा मामला विकत घेतलेली बाटली उघडल्यानंतरचा.

काजू फेणी

बोंडू मळून निघालेला रस आंबवतात. पहिल्या गाळपाला निघतो तो हुर्राक, आणि तो पुन्हा आंबवलेल्या रसाबरोबर भाटीत (दारू गाळायच्या भट्टीत) चढवला की उतरते ती फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. दुकानात लेबल लावून मिळणारी फेणी बहुतेक ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. तिच्यात साखर नसते, रंग नसतो, लाकडाच्या पिंपाची चवही नसते. म्हणजे गोड, आंबट, खारट सगळं आपल्या हातात राहतं, आणि कॉकटेल करणाऱ्याला हेच हवं असतं.

तिचा जो वास नवख्याला अंगावर येतो, तो आंबवणीत तयार होणाऱ्या एस्टरांचा, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या रसायनांचा. हे एस्टर साखरेने दबत नाहीत, उलट जास्त गोड पेयात ते कुजक्या फळासारखे लागतात. फेणीत कोला किंवा गोड पॅकबंद ज्यूस ओतून वास मारायचा प्रयत्न फसतो तो यामुळे. आंबट आणि खारट या दोन चवी मात्र तिला सरळ करतात. गावात फेणी लिंबू आणि मिठाबरोबर घेण्याची रीत आहे, तिच्यामागे जिभेचा हाच अनुभव आहे.

बाटली निवडताना: काझुलो, बिग बॉस, गोएंची ही लेबलं पणजी-म्हापसा-मडगावच्या दुकानांत सहज दिसतात. पहिल्या बाटलीसाठी आमची पसंती मातीच्या भांड्यात किंवा तांब्याच्या भाटीत गाळलेल्या, आणि ते लेबलावर स्पष्ट लिहिणाऱ्या फेणीला. बेस्ट म्हणून एक नाव सांगता येणार नाही, कारण एकाच उत्पादकाची दोन वर्षांची फेणी वेगळी लागू शकते; फळच वेगळं असतं. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: कुठल्या हंगामाची आहे, आणि उन्हात ठेवली होती का. फुटपाथलगतच्या काचेच्या कपाटात वर्षभर ऊन खात उभी असलेली बाटली घेऊ नये.

ओळखीच्या भाटीवरून आणलेली, बिनलेबलाची फेणी चवीला पुष्कळदा दुकानातल्यापेक्षा सरस असते. तिची अडचण कॉकटेलमध्ये वेगळी: तिची ताकद ठाऊक नसते. गावात ती ‘ग्राव’मध्ये सांगतात, आणि हे माप माणसागणिक सैल असतं. काचेचा अल्कोहोलमीटर आणून मोजता येतं, पण तो २० अंश सेल्सिअसला आखलेला असतो. आपल्याकडे फेणी ३० अंशांवर असते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा साधारण ४ टक्के जास्त दिसतो. ४६ दिसलं तर ४२ धरा. किंवा नमुना फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांवर आणून मग मोजा, म्हणजे वजाबाकीच नको.

भेसळीचा अंदाज घ्यायला एक साधी चाचणी आहे. चमचाभर फेणी रिकाम्या पेल्यात ओतून फिरवा, ओतून टाका आणि पेला रात्रभर उघडा ठेवा. सकाळी खऱ्या फेणीच्या पेल्याला सुकलेल्या फळाचा मंद वास उरतो. साध्या स्पिरिटमध्ये इसेन्स घातलेलं असेल तर एक तर काहीच उरत नाही, किंवा गोडसर अत्तरासारखं काही उरतं. हा पक्का पुरावा नव्हे, पण पुन्हा त्या दुकानात जायचं की नाही ते ठरवायला पुरेसा आहे.

आधी चाखणं, मग मिसळणं

चाखायला वाईनचा लहान पेला किंवा तोंडाशी निमुळता कोणताही पेला चालतो. पसरट तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो आणि नाकात फक्त अल्कोहोल झोंबतं. १५ मि.ली. फेणी ओता. जोरात फिरवू नका. पेला नाकापासून चार बोटं लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. मग एक थेंब जिभेवर. आता त्यात १५ मि.ली. साधं पाणी घाला. अल्कोहोल २१ टक्क्यांवर येतं, झोंबणं थांबतं आणि फळ पुढे येतं. कॉकटेलमध्ये ही फेणी कशी लागेल याचा अंदाज या दुसऱ्या घोटातून येतो, पहिल्यातून नाही. पाणी घातल्यावर रबर, नेलपॉलिश किंवा जळक्या गुळाचा वास वर आला तर ती बाटली हलवलेल्या कॉकटेलसाठी ठेवू नका. ती सोडा-लिंबाबरोबर उंच पेल्यात संपवा.

दोन बाटल्यांमध्ये खरंच फरक आहे का हे जाणून घ्यायचं असेल तर तीन पेल्यांची परीक्षा करा: दोन पेल्यांत एक फेणी, तिसऱ्यात दुसरी, आणि कुठल्यात काय आहे ते चाखणाऱ्याला सांगू नका. वेगळा पेला ओळखता आला नाही, तर महागडी बाटली टॉनिकमध्ये घालण्यात अर्थ नाही. जिनच्या बाबतीत ही परीक्षा फार उपयोगी पडते.

मूळ कृती: फेणी, लिंबू, साखर

हे एक जमलं की बाकीची आपोआप सुचतात.

काजू फेणी ४५ मि.ली.
ताजा लिंबाचा रस २० मि.ली.
साखरेचा पाक २० मि.ली. (वजनाने साखर आणि पाणी समान)
मीठपाणी ४ थेंब (२० ग्रॅम मीठ ८० मि.ली. पाण्यात)

शेकरमध्ये मोठ्या, पाणी न सुटलेल्या साध्या बर्फाबरोबर १० ते १२ सेकंद जोरात हलवा, गाळून थंड पेल्यात ओता.

आत गेलेलं ८५ मि.ली. बाहेर पडताना साधारण १२५ ते १३० व्हायला हवं. वाढलेलं सगळं बर्फाचं पाणी, आणि ते पेयाचा घटक आहे. त्याच्याशिवाय हे पेय १५ टक्क्यांच्या आसपास न येता २२ टक्क्यांवर राहतं आणि घशाला खरवडतं. ओतलेलं पेय एकदा मापाच्या भांड्यात मोजून पाहा. ११० भरलं तर कमी हलवलं. १५० च्या वर गेलं तर बर्फ ओला होता. घरच्या कॉकटेलमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि लोक दोष फेणीला देतात.

मीठ पाण्यात विरघळवून थेंबाने घालण्याचं कारण साधं आहे: पावसाळ्यात गोव्यात मिठाला पाणी सुटतं, चिमूट कधी एवढी तर कधी तेवढी होते. मीठपाण्याची ड्रॉपरची बाटली वर्षभर टिकते. चार थेंबांनी पेय खारट लागत नाही, फक्त कडवटपणा मागे सरतो.

लिंबाबद्दल आग्रह आहे. बाटलीतला लिंबू रस वापरू नये, आणि ताजा पिळलेला रस त्याच दिवशी संपवावा. एप्रिल-मे महिन्यांत लिंबं महाग आणि कोरडी होतात. तेव्हा रस कमी पडू लागला तर १०० मि.ली. पाण्यात ४ ग्रॅम सायट्रिक आणि २ ग्रॅम मॅलिक ॲसिड विरघळवून केलेलं द्रावण अर्ध्या रसाच्या जागी घालता येतं. आंबटपणा तेवढाच राहतो. साल आणि तेलाचा वास मात्र फक्त खऱ्या लिंबातून येतो, म्हणून पूर्ण बदली करू नये.

साखरेऐवजी माडाचा गूळ घेतला तर पेय एकदम गोव्याचं होतं. काळ्या पिरॅमिडच्या आकाराचे जे गूळ बाजारात मिळतात ते २०० ग्रॅम किसून १०० मि.ली. पाण्यात मंद आचेवर विरघळवा, फडक्यातून दोनदा गाळा; तळाला बारीक कचरा आणि नारळाच्या धाग्यांसारखं काही उरतं ते येऊ देऊ नका. हा पाक घट्ट आणि गोड, म्हणून २० ऐवजी १२ मि.ली. पुरतो. गूळ स्वतःच जरा खारट असतो, तेव्हा मीठपाणी दोन थेंबांवर आणा.

अवजारं: काय घ्यावं, काय सोडावं

दुकानात मिळणारे पेगचे माप बहुधा ३० आणि ६० मि.ली. एवढेच दाखवतात, आणि कित्येकदा काठोकाठ भरल्यावरही ते ३० भरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माप ठेवा, पाणी भरा: ३० मि.ली. पाणी ३० ग्रॅम भरलं पाहिजे. २६ भरलं तर माप बदला. आतल्या बाजूला ७.५, १५, २२.५ च्या रेघा असलेलं उंच जिगर (कॉकटेलचं माप) घ्यावं. ते मिळेपर्यंत औषधाच्या बाटलीबरोबर येणारं प्लास्टिकचं झाकण-माप चांगलं काम देतं, ५ मि.ली. च्या सिरिंजने तर पाक आणि रस बिनचूक मोजता येतो.

शेकर घेताना आत गाळणी असलेला तीन भागांचा घेऊ नका. बर्फाने धातू आकसतो, झाकण अडकतं, आणि दमट हवेत बाहेरून पाणी सुटल्यावर हात घसरतो. दोन धातूचे ग्लास एकमेकांत बसतात तो प्रकार बरा; उघडताना जिथे दोन्ही भांडी एकमेकांपासून सर्वात दूर असतात त्या जागेच्या बाजूला तळव्याने ठोसा द्यायचा. वरून एक बारीक चहाची गाळणी धरली की बर्फाचे कण आणि लिंबाचे धागे राहत नाहीत. नक्षीदार चमच्यावर, तांब्याच्या मगवर, रंगीत रिमवर पैसे खर्च करायची गरज नाही.

बर्फाबद्दल मात्र खर्च करा, निदान लक्ष द्या. गोव्यातल्या घरात फ्रीझरमध्ये बांगडा, इसवण, सुंगटं नेहमीच असतात, आणि उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास आठवड्याभरात ओढून घेतो. झाकण असलेले सिलिकॉनचे मोठे ट्रे घ्या, बर्फ तयार झाला की झिपच्या पिशवीत बंद करा. पावसाळ्यात वीज गेल्यावर अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला बर्फ टाकून द्या. त्याच्यावर पाण्याचा थर असतो, तो शेकरमध्ये पडताच पेय पातळ करतो. स्वच्छ, आरपार दिसणारा तुकडा हवा असेल तर वरून उघडा छोटा थर्मोकोलचा डबा पाण्याने भरून फ्रीझरमध्ये साधारण २४ तास ठेवावा. पाणी वरून खाली गोठत येतं, हवा आणि क्षार तळाशी ढकलले जातात. तळाचा पांढरट भाग सुरीने काढून टाकायचा. चवीत तो बर्फ फार वेगळा नसतो, पण हळू वितळतो, आणि माडाच्या फेणीच्या पेयाला तो लागतो.

माडाची फेणी

ताडीपासून (गोव्यात तिला सूर म्हणतात) केलेली ही फेणी काजूइतकी आक्रमक नाही. वास सौम्य, पोत गोलसर, मागे नारळाच्या करवंटीसारखा कोरडेपणा. आंबट पेयात ती हरवते, म्हणून ती हलवू नका, चमच्याने ढवळा. माडाची फेणी ४५ मि.ली., गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाले घातलेली वाईन) २० मि.ली., अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन शिडकावे. मोठ्या बर्फाबरोबर ३० सेकंद ढवळून, एकाच मोठ्या तुकड्यावर ओता आणि संत्र्याची साल वरून पिळा.

व्हर्मूथची बाटली उघडली की ती फ्रिजमध्ये जायला हवी आणि महिन्या-दोन महिन्यांत संपायला हवी. कपाटात उभी राहिली तर ती आंबते, आणि त्या पेयाचा दोष फेणीच्या माथी जातो. व्हर्मूथ नसेल तर गोव्याची पोर्ट वाईन १५ मि.ली. घालून पाहा. ती जास्त गोड आणि कमी कडू असते म्हणून १५ च्या वर जाऊ नका, आणि बिटर्सचा एक शिडकावा वाढवा. पोर्तुगालच्या पोर्टशी तिची तुलना करू नये. या कामासाठी ती पुरेशी आहे आणि स्वस्त आहे.

दुकानात कधी दुकशिरीची फेणी दिसली तर ती घ्यावी. दुकशिरीच्या (अनंतमुळाच्या) मुळ्या फेणीत मुरवून ठेवायची गोव्यात जुनी रीत आहे; वासात मातीचा आणि व्हॅनिलासारखा गोडवा येतो. तिला काही मिसळायची गरजच नाही, एक मोठा बर्फ आणि साल पुरते.

हुर्राक, हंगामापुरता

मार्च ते मे. बोंडू पडू लागले की पहिला हुर्राक येतो आणि पाऊस आला की संपतो. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास. लोक त्याला वर्षभर टिकवायला पाहतात, ते जमत नाही: दोन-तीन महिन्यांत त्याचा ताजेपणा जातो आणि आंबूस, पुठ्ठ्यासारखी चव येते. तो बहुतेक पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटल्यांत विकला जातो. घरी आणल्याबरोबर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहणार नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवा.

प्रमाण: हुर्राक ९० मि.ली., लिंबू १० मि.ली., लिम्का १२० मि.ली., चिमूटभर मीठ, एक हिरवी मिरची उभी चिरून. हे पेय ६ टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे तगड्या बिअरच्या ताकदीचं, आणि दुपारच्या उकाड्यात त्याला तोड नाही. मिरची दोन-तीन मिनिटांनी काढा. ती पेल्यात तशीच राहिली तर तिखट चढत जातं, आणि शेवटचा घोट पहिल्यापेक्षा दुप्पट जाळतो. लिम्काऐवजी पेरूचा रस ८० मि.ली. आणि सोडा ४० मि.ली. घेतला तर गोडवा कमी होतो आणि हुर्राकाचा बोंडूचा वास वर राहतो. आम्हाला हेच जास्त आवडतं. हुर्राक शेकरमध्ये मात्र कधी घालू नका. १५ टक्क्यांचं पेय बर्फाचं पाणी सोसत नाही.

गोव्याच्या जिन आणि फेणीशी त्यांची जोडी

गेल्या काही वर्षांत गोवा हे भारतातल्या जिनचं घर झालं. ‘नाओ स्पिरिट्स’ या कंपनीने २०१७ साली ‘ग्रेटर दॅन’ काढली, नंतर हिमालयातल्या जुनिपरची (जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाची) ‘हापुसा’. थर्ड आय डिस्टिलरीची ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ २०१८ची. तिन्ही इथे सहज मिळतात. त्यांचा उपयोग वेगवेगळा आहे. ग्रेटर दॅन सरळ लंडन ड्राय घाटाची, जुनिपर पुढे आणि आल्या-गवती चहाची झाक. टॉनिकमध्ये आणि फेणीबरोबर दोन्हीकडे चालते. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये गंधराज लिंबाची, संत्र्याची साल आणि मिरी-जायपत्रीचे मसाले स्पष्ट जाणवतात, म्हणून ती लिंबाच्या पेयात आपली जागा राखते. हापुसा मातीच्या आणि हळदीच्या अंगाने जाते. ती फेणीत घालू नका, दोघी भांडतात. तिला नुसता बर्फ आणि थोडं पाणी द्या.

फेणीचा वास ज्यांना जड जातो त्यांच्यासाठी अर्धी-अर्धी जोडी सगळ्यात चांगली:

काजू फेणी ३० मि.ली.
लंडन ड्राय घाटाची जिन ३० मि.ली.
लिंबू २२.५ मि.ली.
कोकमाचं गोड सिरप २० मि.ली.

हलवून गाळा. भिरंडाचा (कोकमाचा) आंबटपणा लिंबाहून गोल असतो, जिभेवर रेंगाळतो, आणि जिनमधलं जुनिपर फेणीच्या पिकल्या वासाला पाठीमागून आधार देतं. इथे एक चूक सर्रास होते: कोकमाच्या सिरपऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातला जातो. आगळ खारट असतो आणि त्यात साखर नसते. घरात आगळच असेल तर १० मि.ली. घ्या, साखरेचा पाक १५ मि.ली. घाला, आणि मीठपाणी अजिबात नको. सोलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) भिजवून घरी पाणी काढत असाल तर ३० ग्रॅम सोलं १५० मि.ली. कोमट पाण्यात तासभर, मग गाळून वजनाइतकी साखर. उकळू नका, रंग तपकिरी होतो.

जिनमध्ये तिरफळाचा प्रयोग मनापासून करून पाहावा असा. सहा-सात तिरफळं फोडून आतल्या काळ्या बिया काढून टाका, त्या कडू असतात. नुसती टरफलं २५० मि.ली. जिनमध्ये दोन तास भिजवा, दर अर्ध्या तासाने चाखा, ओठ झिणझिणायला लागले की गाळून घ्या. रात्रभर ठेवली तर जीभ बधिर होते आणि दुसरी कुठली चव लागत नाही. ही जिन ४५ मि.ली., टॉनिक १२० मि.ली. टॉनिकच्या २०० मि.ली. च्या छोट्या बाटल्याच घ्याव्यात आणि त्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये. कोमट टॉनिक बर्फावर पडताच त्यातला वायू निघून जातो, आणि मोठी बाटली उघडली की दुसऱ्या पेल्यापर्यंत ती मरगळते.

पाहुणे असतील तेव्हा: दुधाने निवळलेली फेणी

दहा जणांसाठी शेकर हलवत बसण्यापेक्षा हे आदल्या दिवशी करून ठेवा. काजू फेणी २०० मि.ली., लिंबू ६० मि.ली., कोकम सिरप १२० मि.ली., कोरा थंड चहा १२० मि.ली. एका भांड्यात एकत्र करा. दुसऱ्या भांड्यात १२० मि.ली. पूर्ण सायीचं दूध घ्या. आता मिश्रण दुधात ओता, दूध मिश्रणात नाही. उलट केलं तर दूध एकदम फुटून मोठ्या गुठळ्या होतात आणि गाळताना गढूळपणा अडकत नाही. हळू ओतलं तर बारीक, मऊ चोथा होतो आणि तोच खरा गाळणीचं काम करतो.

अर्धा तास फ्रिजमध्ये राहू द्या. कॉफीच्या कागदी गाळणीत किंवा चार पदरी मलमलमध्ये ओता. पहिलं पाणी गढूळ येईल. ते पुन्हा त्याच चोथ्यावरून ओता. हात लावू नका, दाबू नका, चमच्याने ढवळू नका. दोन-तीन तास थेंबथेंब पडत राहतं. जे उतरतं ते जवळजवळ पारदर्शक, फिकं गुलाबी असतं. दुधातल्या प्रथिनांनी चहाचं तुरटपण आणि कोकमाचा बराचसा रंग धरून ठेवलेला असतो, फेणीची धार बोथट झालेली असते आणि पेयाला रेशमी पोत येतो. फेणी नको म्हणणाऱ्यांना ओळखू न देता आवडायला लावणारं हे एकमेव पेय. फ्रिजमध्ये बंद बाटलीत ते दोन-तीन आठवडे चांगलं राहतं, आणि १५ टक्क्यांच्या आसपास असल्याने थंडगार, बर्फाशिवायच, ६० मि.ली. च्या लहान पेल्यात द्यावं. निवळलं तरी त्यात दुधाचा अंश राहतो. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांना आधी सांगायलाच हवं.

हेच सोलकढीसारखं करावं म्हणून काही जण नारळाचं दूध वापरतात. त्यात गाईम्हशीच्या दुधातलं केसीन हे प्रथिन नसतं, त्यामुळे निवळत नाही; फक्त तेल वर तरंगतं. नारळाचं दूध हवंच असेल तर ३० मि.ली. जाड दूध ताज्या कृतीत शेकरमध्ये घालून लगेच प्यावं, पाच मिनिटांत थर वेगळे होतात.

गुण

काजू फेणी, कॉकटेलची मूळ बाटली म्हणून: १० पैकी ९. एक गुण बाटली-बाटलीतल्या फरकासाठी कापला. माडाची फेणी: ७, ढवळायच्या पेयांत ८. हुर्राक: हंगामात १०, जूननंतर विकत घेऊच नये. गोव्याच्या जिन: ८, त्या उत्तम आहेत, पण तशा जिन इतरत्रही बनतात.

गोव्यात दारू विकत घ्यायला आणि प्यायला कायद्याने वयाची अट आहे. ४५ मि.ली. फेणीच्या एका कॉकटेलमध्ये साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि लिंबू-साखरेमुळे ते जाणवत नाही. दोन पेल्यांमध्ये एक पेला पाणी ठेवा, आणि ज्याला स्कूटर किंवा गाडी चालवत घरी जायचं आहे त्याला कोकमाचं सरबत सोड्याबरोबर, तेवढ्याच काळजीने, चार थेंब मीठपाणी घालून द्या.

उघडलेली फेणीची बाटली उभी आणि अंधारात ठेवावी, आडवी नाही. अल्कोहोल बुचाला खातं. बाटली निम्मी झाली की उरलेली फेणी लहान बाटलीत ओतावी. काजू फेणी कपाटात वर्षभर सहज टिकते, पाक दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये, गुळाचा पाक महिनाभर.